मागचं डिफरन्शियल बदलायचं? आधी हिशेब बघा

रिकामी पिकअप बर्फात लवकर अडकते. इंजिनाचं वजन पुढे, हौदा मोकळा आणि गाडी ढकलायचं काम मात्र मागच्या चाकांकडे. त्यात साधं, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल असेल तर एक चाक बर्फावर गरगर फिरतं आणि दुसरं कोरड्या डांबरावर असूनही ढिम्म राहतं. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. घसरणारं चाक फिरायला जेवढा थोडका जोर लागतो, तेवढाच पकड असलेल्या चाकाच्या वाट्याला येतो, आणि गाडी हलवायला तो पुरत नाही.

यावरचा पक्का उपाय म्हणजे मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) किंवा घसरणं आवरणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवणं. अमेरिकेत या कामाला साधारण ६०० ते ३,००० डॉलर लागतात. इतकी तफावत का पडते आणि आपल्याला यातलं काय लागतं, ते समजून घेतल्याशिवाय गॅरेजची पायरी चढू नये.

गाडीत आधीच काय आहे?

पुष्कळ ट्रकांत कंपनीनेच लॉकर दिलेला असतो आणि सेकंडहँड घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. शेवरोले आणि जीएमसीच्या गाड्यांत ‘जी८०’ हा कोड शोधा. जुन्या मॉडेलांत तो ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर असतो. नव्या गाडीचा व्हीआयएन डीलरला दिला की तो सांगतो. जी८० म्हणजे ईटन कंपनीचा आपोआप लागणारा लॉकर. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की तो लागतो, तोही कमी वेगातच. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत असलेलं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल याच घराण्यातलं आहे.

फोर्डच्या दारावरच्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड असतो. टोयोटा टॅकोमाच्या टीआरडी ऑफ-रोड प्रकारात मागे बटणाचा लॉकर मिळतो. ‘ऑटो एलएसडी’ नावाची सोय मात्र निव्वळ ब्रेकच्या जोरावर चालते. तिचा ॲक्सलच्या आतल्या यंत्रणेशी संबंध नाही.

जॅकवर गाडी चढवून एक चाक हाताने फिरवायची आणि दुसरं उलटं फिरलं तर ओपन समजायची पद्धत सर्रास सांगितली जाते. जी८० किंवा बटणाच्या लॉकरवर ती फसते, कारण हळू फिरवताना तेही ओपनसारखेच वागतात. त्यामुळे कोडच बघावा.

पर्याय आणि नुसत्या भागांच्या किमती

पुढचे आकडे ढोबळ आहेत. ट्रक आणि ॲक्सलच्या आकारानुसार ते वरखाली होतात.

*लंचबॉक्स लॉकर: ३०० ते ४५० डॉलर.* डिफरन्शियलच्या मूळ पिंजऱ्यातले आतले गिअर काढून त्या जागी बसतो. क्राउन-पिनियनला, म्हणजे ॲक्सलमधल्या मुख्य गिअरजोडीला, हात लावावा लागत नाही, म्हणून मजुरीही कमी. पण वळताना टकटक आवाज येतो, गाडी हिसके देते आणि निसरड्या रस्त्यावर मागची बाजू अचानक सरकू शकते. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत तो नको.

*गिअरवर चालणारं लिमिटेड स्लिप, उदाहरणार्थ ईटनचं ट्रूट्रॅक: ६०० ते ८०० डॉलर.* यात झिजणाऱ्या क्लच प्लेट नसतात आणि चालवताना काही जाणवत नाही. बर्फ, पाऊस, ओलं गवत, बोट पाण्यात सोडायचा उतार अशा रोजच्या वापराला हे सगळ्यात सोयीचं. मात्र एक चाक पूर्ण हवेत गेलं तर ते हतबल होतं. अशा वेळी ब्रेक किंचित दाबून ठेवला की थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.

*पूर्ण वेळचा ऑटोमॅटिक लॉकर, म्हणजे डेट्रॉइट लॉकर: ८०० ते १,१०० डॉलर.* दणकट, पण स्वभाव लंचबॉक्ससारखाच. चिखलात आणि जड कामाला उत्तम, शहरातल्या बर्फाला नाही.

*बटणाने लागणारा लॉकर: १,००० ते १,४०० डॉलर.* एआरबीचा एअर लॉकर हवेवर चालतो, त्यामुळे कॉम्प्रेसरचे आणखी ३०० ते ४०० डॉलर धरा. ईटनचा ई-लॉकर विजेवर चालतो. बटण बंद असताना गाडी ओपनसारखी चालते, लावलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. डोंगरात, नदीपात्रात जाणाऱ्यांसाठी हा पैसा वसूल आहे.

मजुरी

लंचबॉक्स सोडला तर बाकी सगळ्यांत पिंजरा बदलतो आणि क्राउन-पिनियन नव्याने जुळवावं लागतं. दात्यांमधली फट इंचाच्या काही हजारांश भागांत मोजतात, बेअरिंगचा ताण ठरवतात, दात्यांना पिवळी पेस्ट लावून एकमेकांवर कुठे टेकतात ते तपासतात. यात चूक झाली की ॲक्सल घोंगावतो आणि गिअर लवकर खराब होतात. त्यामुळे एका ॲक्सलची मजुरी ५०० ते १,००० डॉलर होते. बेअरिंग, सील आणि शिमचा संच १२० ते २०० डॉलर.

म्हणजे ट्रूट्रॅक बसवून हातात पडेपर्यंत दीड हजाराच्या आसपास, बटणाचा लॉकर सोळाशे ते तीन हजार आणि लंचबॉक्स सहाशे-आठशे.

मोठे टायर लावले म्हणून ३.४२ ऐवजी ४.१० चं रेशो हवं असेल तर मागच्या क्राउन-पिनियनचे आणखी २५० ते ४०० डॉलर. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढच्या ॲक्सलचं रेशोही बदलावंच लागतं, नाहीतर ट्रान्सफर केस मोडेल. तिथे खर्च जवळपास दुप्पट होतो. काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे पिंजराच वेगळा लागतो. डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक, ३.९२ पासून दुसरा. त्यामुळे रेशो आधी ठरवा, लॉकर नंतर मागवा.

कुणी खर्च करू नये

फक्त हिवाळ्यातले चार रस्ते आणि घरापुढचा चढ एवढीच अडचण असेल तर आधी पर्वत आणि हिमकणाची खूण असलेले चार विंटर टायर घ्या. ८०० ते १,२०० डॉलर. मागच्या ॲक्सलच्या वर हौद्यात वाळूच्या पिशव्या नीट बांधून ठेवा. लॉकर गाडी हलवतो. थांबवायला आणि वळवायला काही मदत करत नाही, टायर तिन्ही कामं करतात. शिवाय अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून हलक्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे आणि त्यासोबतचं ट्रॅक्शन कंट्रोल घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून थोडं काम भागवतं.

गॅरेजशी बोलताना

लेखी अंदाज मागा, भाग आणि मजुरी वेगवेगळी. बेअरिंग नवे घालणार का, ते विचारा. जुनेच बसवून केलेली बचत अंगाशी येते. दात्यांच्या खुणांचा फोटो मागा. गिअरच्या आवाजावर किती दिवसांची हमी, ते बिलावर लिहून घ्या. तेल लॉकरच्या कंपनीने सांगितलेलंच घाला: क्लचवाल्या लिमिटेड स्लिपला फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, ट्रूट्रॅकला तो नको आणि साधं मिनरल तेल चालतं. नवे गिअर घातले तर पहिले ५०० मैल ट्रेलर ओढू नका आणि त्यानंतर तेल बदला.

वॉरंटीतल्या गाडीला बाहेरचा भाग लावला म्हणून १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. पण त्या भागामुळेच ॲक्सल बिघडला असेल तर ती दुरुस्ती तुमच्या खिशातून जाईल.

आणि घाई नसेल तर थांबा. ॲक्सलचं बेअरिंग आवाज करू लागलं किंवा रेशो बदलायची वेळ आली की तो ॲक्सल तसाही उघडणारच आहे. बहुतेक मजुरी उघडण्याची आणि जुळवण्याची असते, ती तेव्हा एकदाच द्यावी लागते. त्याच वेळी लॉकर घातला तर वरचा खर्च जवळजवळ नुसत्या लॉकरच्या किमतीएवढाच येतो.