भांडवल होतं, जागा होती, तरी दुसरं दुकान का चाललं नाही?

परवाच्या व्हिडिओत मी घाईघाईत एक वाक्य बोलून गेलो, "साधनं आणि स्ट्रॅटेजी यांची जोडी जमली तरच धंदा टिकतो." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, सर, साधनं म्हणजे भांडवलच ना? बारा मिनिटांच्या व्हिडिओत हे उत्तर बसणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. उदाहरण माझंच देतोय, कारण त्याची फी मी रोखीनं भरलेली आहे.

आमचं हार्डवेअर आणि प्लंबिंगचं दुकान. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९६ साली तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या गल्लीत सुरू केलं. बारा बाय अठराचा गाळा, छतापर्यंत पाईप, दारात सिमेंटच्या गोण्या. मी बीबीए करून आलो आणि मला ते सगळं जुनाट वाटायला लागलं. २०२२ च्या दसऱ्याला बायपासवर दुसरं दुकान टाकलं. ९ लाखांचं कर्ज, काचेचं दर्शन, डिस्प्ले रॅक, बारकोडचं बिलिंग. अण्णा एवढंच म्हणाले, "नळ गळायला लागल्यावर माणूस काच बघायला येत नाही रे." मी हसलो होतो.

आता आकडे बघा. भाडं २२,०००, दोन पोरांचा पगार २४,०००, लाईटबिल वगैरे ४,५००, कर्जाचा हप्ता १९,५००. महिन्याला ७०,००० बाहेर. (सीए म्हणेल हप्त्यातलं मुद्दल हा खर्च नव्हे. बरोबर आहे त्याचं. पण गल्ल्यातून पैसे जाताना मुद्दल आणि व्याज वेगवेगळ्या खिशातून जात नाहीत.) आमच्या मालात सरासरी १८ टक्के सुटतात. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला महिन्याला जवळपास ३ लाख ८९ हजारांची विक्री हवी. होत होती सरासरी २ लाख ३० हजार. त्यातून सुटायचे ४१,४००. दर महिन्याला २८,६०० चा खड्डा. फेब्रुवारी २०२४ अखेर शटर ओढलं तेव्हा सतरा महिन्यांत ४ लाख ८६ हजार गेले होते.

पण खरं नुकसान हे नव्हे. ते सांगण्याआधी थोडं पुस्तकाकडे जाऊ, कंटाळू नका.

जे बार्नी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९१ साली एक लेख लिहिला. बीबीएच्या शेवटच्या वर्षाला तो आम्हाला होता, मी पाठ करून मार्क मिळवले आणि विसरलो. एकाच बाजारात, एकाच धंद्यात दोन कंपन्या असतात, मग एक वर्षानुवर्षं पुढे का राहते, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं की प्रत्येकाच्या हातातली साधनं वेगळी असतात. साधनं म्हणजे पैसा, जागा, यंत्रं तर आहेतच, पण माणसांचं कसब, गिऱ्हाइकाचा विश्वास, काम करायची ठरलेली पद्धत हीसुद्धा साधनंच. पुढे या विचाराची चार प्रश्नांची परीक्षा झाली. हे साधन कामाचं आहे का? दुर्मिळ आहे का? दुसऱ्याला त्याची नक्कल करणं अवघड आहे का? आणि ते नीट वापरायची व्यवस्था तुमच्याकडे आहे का?

आता माझ्या नव्या दुकानाला ही परीक्षा लावा. काच, रॅक, बारकोड मशीन. कामाची? हो. दुर्मिळ? छे, बँकेनं कर्ज दिलं की कोणीही महिन्याभरात उभं करतो. आणि केलंच. वर्षाच्या आत तीन गाळे सोडून तसंच दुकान उघडलं, आमच्यापेक्षा मोठ्या काचेचं.

मग जुन्या दुकानात असं काय होतं? तिथे काका होते. आमचे नातेवाईक नव्हेत, पहिल्या वर्षापासूनचे कामगार, सगळा बाजार त्यांना काकाच म्हणतो. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "ते टाकीखालचं वाकडं, आतून आटे असलेलं, जुन्या लोखंडी पाईपला लागतं ते." काका न विचारता पाऊण इंची एल्बो काढून ठेवतात आणि वर सांगतात, "नुसता एल्बो नेऊ नका, टेप पण न्या, तिथले आटे झिजलेत." कारण आठ वर्षांपूर्वी त्या घरातलं फिटिंग कोणी केलं तेही त्यांना माहीत असतं. दुसरं, गावातल्या चाळीसेक प्लंबरांशी अण्णांचा उधारीचा व्यवहार. कोण पावसाळ्यात थकवतो आणि दिवाळीला चुकतं करतो, कोणाला पाच हजारांच्या वर द्यायचं नाही, सगळं अण्णांच्या डोक्यात. ही दोन साधनं कुठल्याही शोरूममध्ये विकत मिळत नाहीत. ती व्हायला सव्वीस वर्षं लागलेली असतात आणि शेजारच्या दुकानदाराला ती सव्वीस वर्षं उसनी मिळत नाहीत.

आता माझी चूक. नवं दुकान चालेना म्हणून मी काकांना आठवड्यातले चार दिवस बायपासला बसवलं. वाटलं, जादू तिकडेही होईल. बायपासला येणारं गिऱ्हाईक म्हणजे नवीन बंगलेवाले आणि त्यांचे कॉन्ट्रॅक्टर. ते यादी घेऊन येतात, तीन दुकानांत रेट विचारतात आणि निघतात. तिथे काकांच्या ज्ञानाला विचारणारंच कोणी नव्हतं. इकडे जुन्या दुकानात मात्र प्लंबर येऊन विचारायचे, "काका नाहीत?" आणि समोरच्याकडे जायचे. एडिथ पेनरोज या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९५९ च्या पुस्तकात हेच मांडलंय. साधन तेच असतं, पण त्यापासून मिळणारी सेवा ते कुठे आणि कशासाठी वापरता यावर ठरते. मी तेच साधन नको तिथे नेऊन ठेवलं होतं.

त्यात नव्या दुकानाचा खड्डा भरायला जुन्या दुकानाचा गल्ला. त्यामुळे डीलरचं पेमेंट लांबायला लागलं, रोखीची सूट गेली, जुन्या दुकानात माल विरळ झाला. "नाही, उद्या येईल" हे वाक्य आमच्या काउंटरवर पहिल्यांदा ऐकू आलं. खरं नुकसान म्हणालो ते हे. चुकीची स्ट्रॅटेजी नुसती स्वतः फसत नाही, असलेली साधनंही खाते.

मोठं उदाहरण हवं असेल तर मुंबईचे डबेवाले घ्या. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं काम. कोविडच्या आधी साधारण पाच हजार माणसं रोज जवळपास दोन लाख डबे पोचवत होती. या व्यवस्थेवर २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलनं केस स्टडी केला. त्यांचं साधन काय? सायकल, हातगाडी, लाकडी क्रेट आणि रेल्वेचा पास. सगळं कोणालाही मिळणारं. पण डब्याच्या झाकणावरच्या रंगांची आणि अक्षरांची खूण, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेली एकमेकांना ओळखणारी माणसं, मुकादमाच्या हाताखालचे गट आणि कमाईत प्रत्येकाचा वाटा, हे एकमेकांत इतकं गुंतलेलं की एक धागा उचलून नेता येत नाही. आणि स्ट्रॅटेजी त्या साधनाच्या मापाची. ठरलेली गिऱ्हाइकं, ठरलेली वेळ, ठरलेला मार्ग. ते "मागाल ते, मागाल तेव्हा" अशा कामाच्या मागे लागून मोठे झाले नाहीत.

आता दुसरी बाजू, जी आमच्या ट्रेनर मंडळींच्या भाषणात नसते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद, ऑफिसं बंद. माणसं तीच, खूण तीच, शिस्त तीच, आणि काम शून्य. कितीतरी जण गावी शेतीकडे गेले. नंतर ऑफिसं उघडली तरी घरून काम राहिलं. म्हणजे चारही प्रश्नांत पास झालेलं साधनसुद्धा ज्या जमिनीवर उभं आहे ती सरकली तर हलतं. म्हणून मी पाचवा प्रश्न जोडतो, तो बार्नींचा नाही, माझा आहे: हे साधन कशाच्या जिवावर चालतं आणि ते थांबलं तर मी किती महिने तग धरेन?

भांडवलाचा प्रश्न राहिला. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तोच पुढे लिज्जत. पेनरोजबाईंचं पुस्तकही त्याच सालचं, हा निव्वळ योगायोग. केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड परत आणून द्यायचे. घरातली जागा आणि लाटायचं कसब त्यांच्याकडे होतंच, त्याला धरून पद्धत बसवली. कारखाना आधी आणि काम नंतर असं झालं असतं तर ८० रुपयांत काय झालं असतं? पैसा लागतो, नाही असं नाही. पण पैशानं आणलेलं साधन शेजाऱ्यालाही आणता येतं, एवढं लक्षात ठेवून तो लावा.

तुम्हाला करायचं असेल तर असं करा. आठवडाभर दुकानात एक वही ठेवा. प्रत्येक ओळखीच्या गिऱ्हाइकाला विचारा, "दुसरीकडे न जाता इथे का आलात?" उत्तर त्याच्या शब्दांत लिहा, आपलं डोकं लावू नका. मी हे उशिरा केलं. एकशे बारा उत्तरांत "स्वस्त" हा शब्द नऊ वेळा आला. "काका" एक्केचाळीस वेळा.

ते वाचून मी खूश झालो आणि लगेच घाबरलो, कारण काकांचं वय अठ्ठावन्न आहे. चौथा प्रश्न आठवा, वापरायची व्यवस्था आहे का? आमच्याकडे नव्हती, सगळं एका माणसाच्या डोक्यात. काकांना सांगितलं तर ते आधी बिचकले. त्यांना वाटलं, लिहून घेतील आणि मला घरी बसवतील. ती भीती खोटी म्हणता येत नाही, असं करणारे मालक मीही पाहिलेत. मग अण्णांनीच तोडगा काढला. काकांना पगाराशिवाय जुन्या दुकानाच्या नफ्यात ठरलेला हिस्सा द्यायचा, काउंटरला उभे असोत वा नसोत, आणि तो स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचा. त्यानंतर दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, काका सांगतात आणि बायपासवरून परत आणलेला एक पोरगा लिहितो. कुठल्या भागातल्या घरांना कोणतं फिटिंग, कुठला जुना माल आता कशाला जोडतो, कोणत्या प्लंबरला काय चालतं.

चौसष्ट पानं झालीत. बारकोड मशीनही जुन्या दुकानात आणलंय, ते तिथे बरं चालतं. उधारीचं मात्र अण्णा अजून लिहू देत नाहीत.