परतीचा पाऊस आणि रब्बीची ओल : पाथर्डी तालुक्यासाठी पाण्याचा हिशेब

शेतात पडणारे बहुतेक पाणी मूळचे समुद्राचे असते. पृथ्वीवरील सुमारे ९७ टक्के पाणी खारे असून ते महासागरांत आहे. उन्हाने त्याची वाफ होते, क्षार खाली राहतात आणि निव्वळ गोडे पाणी हवेत चढते. हवा उंच जाऊन थंड झाली की ही वाफ धूलिकणांभोवती जमते, ढग बनतात आणि थेंब जड झाले की पाऊस पडतो. वाफ हवेत सरासरी आठ-दहा दिवसच टिकते. पडलेल्या पाण्याचा काही भाग ओढ्या-नद्यांतून पुन्हा समुद्राला मिळतो, काही जमिनीत मुरतो आणि बराचसा माती व पिकांमधून वाफ होऊन हवेत परत जातो. हे जलचक्र थांबवता येत नाही. मात्र पाणी रानात किती दिवस मुक्कामाला राहील, हे बरेचसे मशागतीवर ठरते.

पाथर्डीला पाऊस कमी का?

अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात आणि आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच सोडतात. अकोले तालुक्यातील घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. डोंगर ओलांडून हवा पूर्वेला उतरते तेव्हा ती तापते आणि कोरडी होते. त्यामुळे त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या पाथर्डीच्या वाट्याला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

अकोल्याच्या डोंगरातले थोडे पाणी मात्र दुसऱ्या वाटेने पाथर्डीला पोहोचते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी मुळा नदी राहुरी तालुक्यात धरणात अडवली आहे आणि तिच्या उजव्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही गावांना मिळते. गर्भगिरीच्या डोंगरपट्ट्यातील गावांना मात्र आपल्या शिवारातल्या पावसावरच भागवावे लागते.

हा पाऊस दोन टप्प्यांत पडतो. जूनमध्ये मृगाच्या सरी येतात, जुलै-ऑगस्टमध्ये अनेकदा मोठा खंड पडतो आणि सप्टेंबरमध्ये जोर वाढतो. त्या काळात पश्चिमेचे वारे मंदावतात, दुपारी जमीन तापून गडगडाटी ढग उभे राहतात आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टेही इकडे पाऊस देतात. त्यामुळे पूर्वा, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस रब्बी ज्वारी व हरभऱ्याचे भवितव्य ठरवतो.

पडलेल्या पावसाचे वाटे

एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी मिळते. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर हेक्टरी ५ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ५० टँकर पाणी रानात पडते. त्याचे चार वाटे होतात : काही वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून थांबते, काही खोल मुरून भूजलाला मिळते आणि काही थेट उडून जाते. धोधो पावसात उघड्या जमिनीवर थेंबांच्या माऱ्याने बारीक माती सुटते, वरची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी सुपीक थर घेऊन ओढ्याला लागते.

ओल किती राहील हे मातीच्या खोलीवर ठरते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे सुमारे १५० मिलिमीटर पाणी साठते. फूट-सव्वा फूट खोलीच्या मुरमाड जमिनीत जेमतेम ५० मिलिमीटर. पीक दिवसाला ३ मिलिमीटर पाणी घेत असेल, तर पहिल्या जमिनीची ओल सुमारे ५० दिवस पुरते आणि दुसरीची १६-१७ दिवस. म्हणून भारी रानात ज्वारी आणि हरभरा साधतो, तर हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा अशी खरिपाची पिके अधिक शहाणपणाची ठरतात.

विहिरीतील पाणी

तालुक्याखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. पाणी त्याच्या भेगांत, कुजलेल्या मुरमात आणि पोकळीदार मांजऱ्या थरांत राहते. अखंड काळ्या पाषाणात जवळजवळ राहत नाही. भूजल मोजणीच्या प्रचलित निकषांनुसार कुजलेल्या बेसाल्टच्या प्रदेशात पावसाच्या सुमारे ७ टक्केच पाणी भूजलात भरते. ५५० मिलिमीटर पावसातून ते ४० मिलिमीटरही भरत नाही.

असा खडक आपल्या आकारमानाच्या साधारण २ टक्के पाणी सोडतो. म्हणून ४० मिलिमीटर पाणी मुरले की विहिरीची पातळी २ मीटर चढते आणि तेवढेच उपसले की २ मीटर उतरते. दिवाळीत काठोकाठ दिसणारी विहीर फेब्रुवारीत तळाला जाते, त्याचे कारण हेच. बोअर खोल नेल्याने खडकातील साठा वाढत नाही. शेजारच्या विहिरीचे पाणी मात्र लवकर आटते.

आत्ताची कामे

रब्बीसाठी मोकळ्या असलेल्या रानात जोराच्या पावसाआधी उताराला आडवी वखरणी करून सुमारे १० × १० मीटरचे वाफे बांधावेत. पडलेला पाऊस त्या त्या वाफ्यातच जिरतो आणि ओल सारखी बसते. फुटलेले बांध दुरुस्त करावेत आणि जादा पाणी जाण्यासाठी सांडीला दगडी पिचिंग करावे. चिबड रानात पाणी तुंबू देऊ नये. तिथे चर काढून निचरा करावा.

रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, वाफसा येताच उरकावी. उशीर झाला की वरची ओल उडते आणि उगवण विरळ होते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यमसाठी फुले सुचित्रा किंवा मालदांडी आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा हे वाण घ्यावेत. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून हेक्टरी १० किलो बियाणे वापरावे.

पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. पहिल्या दोन कोळपण्यांनी तण निघते आणि वर भुसभुशीत मातीचा थर होतो. आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने भेगा बुजतात. काळ्या जमिनीतील ओल भेगांवाटे खोलवरून उडते, म्हणून शेवटची कोळपणी टाळू नये. ओळींमध्ये तूरकाट्या, गव्हाचा भुसा किंवा वाळलेले गवत पसरल्यास बाष्पीभवन आणखी घटते. संत्रा, मोसंबी आणि डाळिंबाच्या बागांतही आळ्यात आच्छादन करावे आणि ठिबकने सायंकाळी किंवा पहाटे पाणी द्यावे.

संरक्षित पाणी असेल, तर ते ज्वारीला पेरणीनंतर २८-३० दिवसांनी आणि पोटरीत असताना ५०-५५ दिवसांनी द्यावे. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात सुमारे २१.९६ लाख लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात रोज १० मिलिमीटर बाष्पीभवन झाले, तर भरलेल्या तळ्यातून दिवसाला ९ हजार लिटर पाणी उडते. म्हणून हे पाणी मे महिन्यापर्यंत राखण्यापेक्षा रब्बीत वेळेवर दिलेले अधिक फायद्याचे असते.

गावाचा ताळेबंद

डोंगरउतारावरच्या समतल चरांतील आणि पाझर तलावांतील गाळ उन्हाळ्यातच काढावा. पावसाळ्यात त्यांची गळती व सांडवे तपासावेत. पाणी माथ्यावर अडवले की पायथ्याच्या विहिरींना त्याचा पाझर पुढे कित्येक आठवडे मिळतो.

अडवलेले पाणी मोजून वापरले नाही, तर मात्र ते टिकत नाही. नगर तालुक्यातील हिवरेबाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकापासून हे दाखवून दिले. तिथे शेतीसाठी बोअर घेण्यास आणि उसासारख्या जास्त पाणी घेणाऱ्या पिकांना बंदी आहे आणि दरवर्षीचा पाऊस मोजून पिके ठरतात. पाथर्डीतील गावांनीही ऑक्टोबरअखेर पर्जन्यमापकाची नोंद, विहिरींची पातळी आणि तलावांतील साठा ग्रामसभेपुढे मांडावा. पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावे, मग बागा जगवण्याचे, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे. साठा अपुरा असेल, त्या वर्षी उन्हाळी पिके घेऊ नयेत.