सही करण्यापूर्वी

मिरज

चि. सोनूस,



मुख्याधिकारी म्हणून रुजू होऊन महिना होत नाही तोच तू कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा विषय हाती घेतलास, याचा आनंद झाला. सोबत पाठवलेली टिपणीही वाचली. त्यात सगळी खरेदीच आहे. हेल्मेट, गमबूट, हातमोजे, चमकती जॅकेटं, आणि शेवटी ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला शपथ आणि व्याख्यान. माझी सगळी नोकरी नगरपरिषदांच्या आरोग्य विभागात गेली, त्यामुळे अशा टिपण्यांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. साहित्य येतं, भांडारात जमा होतं, वाटपाचा फोटो निघतो, आणि पावसाळ्यात चेंबर तुंबला की माणूस उघड्या अंगानेच आत उतरतो. म्हणून खरेदीची फाईल थोडे दिवस बाजूला ठेव. आधी एवढंच शोध, की काम जिवावरचं आहे म्हणून ते जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार तुझ्या नगरपरिषदेत कोणाला आहे?

बहुतेक ठिकाणी तो कोणालाच नसतो. नगरसेवकाचा फोन स्वच्छता निरीक्षकाला जातो, निरीक्षक मुकादमाला सांगतो, मुकादम ठेकेदाराच्या माणसाला, आणि तो हजेरी शेडवर उभ्या असलेल्या रोजंदारीवाल्याला. वरच्या कोणीही 'नको' म्हटलं तर त्याला फार तर बोलणी बसतील. शेवटच्याने म्हटलं तर उद्याची हजेरी जाते. आणि ज्याला नकार सर्वांत महाग पडतो, त्याच्यावरच आपण तो सोडून देतो. नंतर काही झालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'पिऊन उतरला होता.' त्या वासात काही न पिता कोण उतरेल, हे मात्र कोणी विचारत नाही.

कायद्याने हा प्रश्न तुझ्याच टेबलावर ठेवला आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचं कलम ७ स्थानिक संस्थेचं नाव घेऊन सांगतं, की गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावायचं नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षीच्या नियमांत माणूस आत उतरण्याचे मोजके अपवाद आहेत: यंत्र चालत नाही अशा ठिकाणी मोडकं झाकण काढणं, विहिरीच्या तळाचा पंप बाहेर घेणं, अशी कामं. त्यापलीकडे खरोखरच गरज पडली तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवून परवानगी द्यायची. नगरपरिषदेत तो अधिकारी म्हणजे तू. त्या मोजक्या अपवादांपलीकडे तुझ्या लेखी कारणाशिवाय कोणी उतरला, तर ते काम बेकायदा. हे तुझ्या निरीक्षकाला तरी माहीत आहे का, ते विचारून बघ.

न्यायालयांनीही सैल सोडलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात म्हटलं, की आणीबाणीच्या प्रसंगीसुद्धा सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणं हा गुन्हा ठरवावा, आणि प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख भरपाई द्यावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये बलराम सिंग खटल्यात ती रक्कम तीस लाखांवर गेली. कमाईच बंद पाडणाऱ्या कायमच्या अपंगत्वाला किमान वीस लाख. लेखापालाशी बोलताना हे आकडे सांग. गॅस मापकाच्या किमतीवर तो मग फारशी घासाघीस करणार नाही.

'आमच्याकडे भुयारी गटारच नाही' हे उत्तर तुला मिळेल. छोट्या गावात ते खरंही असतं. पण सार्वजनिक शौचालयांच्या टाक्या आहेत, पंपघराच्या ओल्या विहिरी आहेत, घरोघरचे सेप्टिक टँक आहेत. बंद जागेत मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो, गाळात अडकून राहतो आणि गाळ ढवळला की एकदम वर येतो. म्हणजे झाकण उघडून तासभर ठेवलं, वरून वास आला नाही, तरी पहिलं फावडं मारताक्षणी माणूस कोसळू शकतो. या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. जुनी माणसं 'वास गेला, आता उतरा' म्हणतात, ती नेमकी तिथे फसतात. कंदील किंवा पेटता कागद आत सोडून बघण्याची पद्धतही अजून आहे. टाकीत मिथेन असेल तर भडका उडतो, आणि नसेल तरी हायड्रोजन सल्फाइडबद्दल त्यातून काही कळत नाही.

चार वायू मोजणारा मापक दोरीने वर, मधे आणि तळाशी सोडायचा. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की उतरायचं नाही. तोंडाला बांधायचं फडकं, एन-९५, इतकंच काय पण डबी लावलेला गॅस मास्क, यांतलं काहीही ऑक्सिजन नसलेल्या जागी उपयोगाचं नाही, कारण ही साधनं हवा गाळतात, हवा देत नाहीत. खरेदीच्या यादीत 'मास्क' एवढंच लिहिलेलं असेल तर ती यादी परत पाठव.

आणि दुसरा माणूस. टाक्यांमधल्या मृत्यूंच्या बातम्या काढून बघ, एकटा क्वचितच जातो. पहिला पडला की भाऊ, मेहुणा, शेजारी, कोणी ना कोणी त्याला काढायला उडी मारतो. तुझ्या कर्मचाऱ्यांना एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल, तर ही शिकव: आतल्याला बाहेरूनच काढायचं. त्यासाठी उतरण्याआधीच त्याच्या अंगावर हार्नेस आणि वर तिपाईला कप्पी हवी. ते नसेल तर १०१ लावायचा आणि काठावर उभं राहायचं. हे तोंडाने सांगून कोणाच्या अंगी बाणणार नाही. कोरड्या टाकीत पोत्यांचा पुतळा सोडून तो काढायचा सराव मुकादमांकडून करून घे, पावसाळ्याआधी.

मग एक साधा आदेश काढ, पानभराचा, तुझ्या सहीचा, मराठीत, आणि तो प्रत्येक हजेरी शेडमध्ये लाव. गॅस मोजल्याशिवाय आणि माझ्या लेखी परवानगीशिवाय कोणीही टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरणार नाही. मग सांगणारा नगराध्यक्ष असो की मी. न उतरणाऱ्याची हजेरी कापली जाणार नाही, ठेक्याचा असला तरी. शेवटचं वाक्य गाळू नकोस. पहिला नकार येईल तो तुझ्या दृष्टीने गैरसोयीच्याच दिवशी येईल, मंत्र्याच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री वगैरे. त्या दिवशी तू काय करतेस, याकडे सगळे मुकादम बघत असतील. तो कागद पाळायचा की नाही, ते त्यावर ठरेल.

खाजगी टाक्यांचं काय, हेही तुझ्याकडे येणार. नाक्यावरून दोन माणसं धरून टाकी उपसून घेणारे लोक सगळीकडे आहेत. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका गृहनिर्माण सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारला ती द्यायला लावली. खाजगी जागा होती म्हणून प्रशासनाला हात झटकता आले नाहीत. नुसती बंदीची नोटीस लावून हे थांबत नाही. नगरपरिषदेच्या सक्शन गाडीचा दर नाक्यावरच्या मजुरीइतका खाली आण आणि गाडी दोन दिवसांत दारात येईल असं बघ, म्हणजे लोक आपोआप फोन करतील.

टाक्यांवरच मी इतका रेंगाळलो, कारण तिथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. पण तुझी सगळ्यात जास्त माणसं रस्त्यावर आहेत. पहाटे अंधारात झाडणाऱ्या बायकांना धोका गाड्यांचा. ओल्या कचऱ्यात काच आणि इंजेक्शनच्या सुया. २०१६ च्या घनकचरा नियमांत गणवेश, चमकतं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, पादत्राणं आणि मास्क कामगारांना मिळतील आणि वापरले जातील, हे बघायची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. 'वापरले जातील' या भागात खरी मेख आहे. हातमोजे न घालणाऱ्याला नोटीस देण्याआधी तो हातमोजा स्वतः घाल आणि तासभर झाडू धर. बहुधा तो पुरुषी मापाचा, रबरी, आत घाम साठवणारा असेल. गमबूट सगळे एकाच नंबरचे. साडीवर जॅकेट नीट बसत नाही. नमुन्याचे चार प्रकार आणून महिनाभर कामगारांनाच वापरू दे आणि निवड त्यांच्यावर सोड. दर थोडा जास्त पडला तरी वापरात राहील तोच माल स्वस्त.

हेपॅटायटिस बी ची लस तीन मात्रांची असते: पहिली, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. तिसरीला निम्मी माणसं गायब असतात, तेव्हा ती हजेरी शेडवरच टोचायची सोय कर. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, ते सरकारी डॉक्टरांना विचार. टाक्या-गटारांवरच्या ठेक्याच्या माणसांना केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत नोंदवून घे. त्यातून सुरक्षा किट आणि आयुष्मानचं विमा संरक्षण मिळतं.

विजेच्या वायरमनसाठी एक नियम: महावितरणकडून लाईन बंद केल्याची लेखी खात्री, टेस्टरने तपासणी आणि जागेवर अर्थिंग, तिन्ही झाल्याशिवाय खांबावर हात लावायचा नाही. लाईन बंद असली तरी कुणाच्या तरी जनरेटरमधून उलटी वीज येते. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरिनचे टनर, म्हणजे टनभराच्या टाक्या, असतील तर ती खोली स्वतः बघून ये. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड, सखल भागाकडे वाहतो. म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या आडवं आणि उंचाकडे. गळक्या टाकीवर पाणी मारायचं नाही, त्याने आम्ल होऊन भोक मोठं होतं. ऑपरेटरला हे विचार. उत्तर देता आलं तर मास्क कुठे आहे तेही विचार. तो कुलूपबंद कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे असते, असं मी पाहिलं आहे. कार्यालयातली जुनी वायरिंग आणि रेकॉर्ड रूम विद्युत अभियंत्यावर सोपव, त्यात तुझा वेळ घालवू नकोस.

सुरक्षा समिती नेमशीलच. ती दालनात भरवू नकोस. हजेरीच्या वेळी, शेडमध्येच, निम्मी माणसं झाडूवाल्या बायका, सक्शन गाडीचे हेल्पर आणि ठेक्याचे कामगार. संघटनेचा माणूस बोलाव. तो भांडेल, भांडू दे. प्रत्येक शेडमध्ये एक वही ठेव, 'थोडक्यात वाचलो' नावाची: घसरलो पण पडलो नाही, हायड्रॉलिकवर उचललेली गाडीची बॉडी खाली माणूस असताना सरकली, सुई लागली. लिहिता येत नसेल त्याचं मुकादमाने लिहायचं. पहिल्या वर्षी नोंदी वाढतील आणि सभेत कोणीतरी म्हणेल, की मॅडम आल्यापासून अपघात वाढले. वाढू देत. दुखापत लपवण्याचं कारण संपल्याची ती खूण असते.

आता ठेका, कारण बाकी सगळं इथे येऊन अडतं. सगळ्यात कमी दराची निविदा घ्यायची, तर ठेकेदार पहिली कात्री लावतो ती बुटांना आणि विम्याला. म्हणून सुरक्षेचा खर्च स्पर्धेतून बाहेर काढ: माणशी ठराविक रक्कम निविदेतच छाप, त्यावर दर मागवूच नकोस आणि प्रत्यक्ष दिलेल्या साहित्याची कामगाराची सही बघून बिल अदा कर. टाकीमागे पैसे देणारी अट असेल तर काढ. टाकीमागे पैसे मिळाले की माणूस यंत्राची वाट बघत नाही. त्याऐवजी पाळीचा दर ठेव. २०१३ च्या नियमांप्रमाणे टाकी-गटारातल्या माणसाचा किमान दहा लाखांचा जीवनविमा मालकाने काढायचा असतो. पॉलिसीची प्रत आल्याशिवाय कार्यादेश नको. आणि माणूस ठेकेदाराचा म्हणून नगरपरिषद सुटते, असं तुला सांगतील. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून मूळ काम देणारा जबाबदार धरला गेला आहे.

एवढ्यावरून तुझी टिपणी पुन्हा लिही. सफाईचा चालू ठेका कधी संपतो ते मला कळव, आणि नव्या निविदेचा मसुदा प्रसिद्ध होण्यापूर्वी इकडे पाठव. अटी आणि शर्तींचं पान आपण दोघं बसून बघू.

तुझा,
मामा