फुकटच्या परवान्याचा कागद

बाबू, सेकंडहँड पीसी घ्यायला वर्ध्याला जाशील तेव्हा रॅम-हार्डडिस्क नंतर पाहजो, आधी विंडोजचा परवाना पाहजो. दुकानदार 'ओरिजिनल आहे' म्हणतोच. तू मशीन सुरू करायला लाव, कमांड प्रॉम्प्ट उघड आणि टाईप कर: एसएलएमजीआर, स्पेस, तिरपी रेघ, डीएलआय. एक छोटी खिडकी येते. तिच्यात ओईएम दिसलं तर तो विंडोज त्याच मशीनला बांधलेला. उद्या मदरबोर्ड बदलला तर परवाना गेला असंच धरून चाल. रिटेल असेल तर जुन्यावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. व्हॉल्यूम दिसलं तर ते बहुधा कुठल्या ऑफिसचं नाहीतर कॉलेजचं मशीन. ते विकलं म्हणून परवाना तुझा होत नाही, तेवढे पैसे भावातून कमी करून घेजो.

त्याच पीसीत व्हर्च्युअल मशीन करून दुसरा विंडोज टाकलास, तर त्यालाही वेगळा परवाना लागतो. मॅकओएस तर ॲपलच्याच मशीनवर चालवायची परवानगी आहे, मग तू घरी नुसता शिकत का असेना.

तुला जुन्या मोठ्या सिस्टिमचा नाद आहे, तो सोडू नको. रेड हॅट एकट्या माणसाला १६ मशीनपर्यंत फुकट देते. ओपनव्हीएमएसचाही हौशी परवाना आहे. पण विनोबांच्या गावात हे वेगळं सांगायला नको: भूदानातलं वावर कसायला मिळतं, विकायला नाही. फुकटच्या परवान्याचंही तसंच, आणि वर त्याला मुदत असते. ओपनव्हीएमएस चालवणाऱ्या व्हीएसआय कंपनीनं २०२४ साली अल्फा आणि इटेनियम मशीनसाठी नवे हौशी परवाने देणं थांबवलं. लोकांनी जिवापाड जपलेली मशीनं होती ती. मला याचं फार वाईट वाटलं. म्हणून परवाना आला की त्याच दिवशी प्रिंट काढ, मुदतीची तारीख पेनानं वर लिही आणि बिलासोबत फाईलला लाव.

'घरीच तर वापरतो, कोण विचारतं' असं कोणी म्हटलं तर ऐकू नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ ब आहे. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद सोडू शकतं, पण ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतोच.

लग्नसराईत कोणी पत्रिका करून मागेल, हातावर पैसे ठेवेल. तिथे जपजो. विंडोज होमवर दुकानाचं काम करायला तशी मनाई नाही, उगाच घाबरू नको. ऑफिसच्या 'होम अँड स्टुडंट'वर मात्र आहे. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच डेबियन नाहीतर सी-डॅकचा बॉस लिनक्स टाकून घे, त्यावर लिब्रेऑफिस. घर की दुकान, हा प्रश्नच तिथे येत नाही. फक्त श्रीलिपीतल्या जुन्या पत्रिका तिथे नीट दिसणार नाहीत, त्या आधी युनिकोडमध्ये करून घेजो.