पाठीची जखम आणि कवटीतील हवा

पाठीत सुरा रुतलेल्या अथवा बैलाचे शिंग लागलेल्या इसमाचे डोके दुखू लागले, तर पाठीचा डोक्याशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु हा संबंध अगदी निकटचा आहे. मेंदू व मेरुरज्जू एकाच आवरणाच्या पिशवीत असून तीत सुमारे १५० मिलिलिटर पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळता असतो. जखम या आवरणापर्यंत पोहोचली की छिद्रातून द्रव झिरपतो. अरुंद तोंडाची सुरई उपडी केली असता पाणी गळते तसतसे बुडबुडे आत शिरतात. तद्वतच गेलेल्या द्रवाची जागा बाहेरची हवा घेते, आणि माणूस उठून बसताच ती कण्याच्या पोकळीतून वर चढून कवटीत साठते.

वैद्यकाने एकेकाळी याचाच उपयोग करून घेतला, हे नवल होय. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१९ साली कमरेतून मुद्दाम हवा सोडून क्ष-किरणांनी मेंदूचे चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. रुग्णास तिचा त्रास फार होई. १९७१ पासून सीटी स्कॅन वापरात आल्यावर ती मागे पडली. त्या यंत्रात अत्यल्प हवाही काळ्या ठिपक्यासारखी दिसते.

बहुधा ही हवा काही दिवसांत रक्तात आपोआप शोषली जाते. रुग्णास उताणे निजवून प्राणवायू दिल्यास रक्तातील नत्रवायू घटतो व बुडबुड्यातील नत्रवायू लवकर निघून जातो. क्वचित मात्र जखमेचा पापुद्रा झडपेप्रमाणे वागतो; हवा आत येते, बाहेर जात नाही. मग मेंदूवर दाब पडून रुग्णास ग्लानी येते व शस्त्रक्रिया अटळ ठरते. हवा शिरली त्याच वाटेने जंतूही शिरतात. मेंदूज्वराचे भय म्हणून हवेहून मोठे.

रुतलेले हत्यार उपसून काढण्याची घाई गावोगाव होते. ती घातक आहे. हत्यार तसेच राहू द्यावे, भोवती स्वच्छ कापड लावावे. हळद किंवा राख भरू नये. जखमीस बसवू नये, हातापायांना धरून उचलू नये. तिघाचौघांनी डोके, पाठ व पाय एका रेषेत ठेवून त्यास कुशीवर वळवून फळीवर घ्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमेतून पाण्यासारखा द्रव येत होता काय, हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.