बेस वाजला की हेडलाइट मंद? आधी मीटर लावा

कार ऑडिओचं दुकान टाकताय, तर हे गिऱ्हाईक येणारच: "भाऊ, बेस वाजला की लाइट डीम होते, मोठी बॅटरी टाका."

पहिल्या वर्षी अशाच एकाला मी कपॅसिटर विकला. आठवड्यात परत आला, लाइट तशीच! पैसे परत केले, मजुरी गेली ती वेगळीच.

आता आधी मल्टिमीटर. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू झाल्यावर 13.8 ते 14.4. (नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटरच व्होल्टेज खालीवर करतो, तिथे घाई नको.) मग गाणं जोरात लावून बॅटरीवर आणि अँपवर मोजा. फक्त अँपवर पडलं, तर दोष त्याच्या वायरीत नाहीतर अर्थिंगमध्ये. बॅटरीवरही पडलं, तर अल्टरनेटरवर मोजा. तिथे ठीक असेल तर तीन जाड वायरी बदलून काम होतं: अल्टरनेटर ते बॅटरी (फ्यूज लावूनच), बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी. वायर शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको.

अल्टरनेटरवरच पडत असेल, तर हिशोब सांगा. 500 वॉट आरएमएसचा क्लास-डी अँप, 80 टक्के कार्यक्षमता धरली तरी, पूर्ण जोरात साधारण 45 अँपिअर ओढतो. एवढं कपॅसिटर कुठून आणणार?

बिलावर मी आधीचं आणि नंतरचं व्होल्टेज लिहून देतो. मोजायचे पैसे घेत नाही.