या महिन्याचा पाठ: फर्नेसचा वास ओळखू या

मुलांनो, मराठीत वासाला पुष्कळ शब्द आहेत. भाजणीला खमंग वास येतो, भाकरी खरपूस भाजते, आणि दूध खाली लागले की करपट वास सुटतो. थंडी पडली, तळघरातली फर्नेस चालू झाली, की हेच शब्द उपयोगी पडतात. आपण एकेक वास पाहू.

१. धुळीचा जळका वास : उन्हाळाभर आत बसलेली धूळ तापून जळते. खिडकी थोडी उघडावी. वास बहुधा काही तासांत जातो. दुसऱ्या दिवशीही राहिला, तर दुरुस्तीवाल्याला बोलवावे.

२. करपट वास : फिल्टर धुळीने भरला की हवा अडते आणि फर्नेस फार तापते. ती बंद करून आईबाबांनी फिल्टर काढावा व दिव्यासमोर धरावा. उजेड पलीकडे दिसला नाही, तर नवा बसवावा. हिवाळ्यात दर महिन्याला पाहावे.

३. जळक्या रबराचा किंवा प्लॅस्टिकचा उग्र वास : मोटर किंवा वायर तापली असेल. थर्मोस्टॅट आणि फर्नेसचा स्विच बंद करून दुरुस्तीवाल्याला बोलवावे. धूर दिसला, तर घराबाहेर पडून ९११ ला फोन करावा.

४. कुजक्या अंड्यांचा वास : हा गळणाऱ्या गॅसचा. मूळ गॅसला वास नसतो. १९३७ साली टेक्सासमधील न्यू लंडनच्या शाळेत गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. सुमारे ३०० मुले व शिक्षक दगावले. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वासाचे द्रव्य घालण्याचा कायदा केला. हा वास आला, तर दिव्याचे बटण दाबू नका, घरातून फोनही करू नका. सर्वांनी लगेच बाहेर पडावे आणि लांब जाऊन फोन करावा.

पालकांसाठी : कार्बन मोनॉक्साइडला मुळीच वास नसतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर, झोपण्याच्या खोल्यांजवळ, त्याचा अलार्म हवाच. आज बटण दाबून तो वाजतो का पाहा. एरवी तो वाजला, तर सर्वांनी बाहेर पडून ९११ ला फोन करावा.

घरचा अभ्यास :
१. 'वास येणे', 'वास घेणे', 'वास मारणे' यांचा वाक्यात उपयोग करा.
२. खमंग, खरपूस, करपट, कुबट, उग्र : यांपैकी कोणते वास हवेसे, कोणते नकोसे?
३. आपल्या घरचा फिल्टर केव्हा बदलला, ते आईबाबांना विचारून वहीत तारखेसह लिहा. पुढच्या वर्गात आपण सर्वांच्या तारखा फळ्यावर मांडू.